देश, काल, वर्ण, रूप, प्रमाण

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सेबॅस्टियन नावाचं एक गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तिथे घरबांधणीचा व्यवसाय करणारे किप वॅग्नर वादळ ओसरलं की पुळणीवर जायचे आणि काळीठिक्कर पडलेली, वेड्यावाकड्या कडांची चांदीची नाणी खिशात घालून परतायचे. नाणी पुष्कळ जमली, पण १७१५ च्या पुढचं साल एकावरही नव्हतं. त्या साली ३१ जुलैच्या पहाटे, हवानाहून स्पेनकडे निघालेल्या ताफ्यातली अकरा जहाजं याच किनाऱ्यावर फुटली होती आणि हजाराच्या आसपास माणसं बुडाली होती. वॅग्नरांनी सैन्याने मोडीत काढलेलं एक धातुशोधक यंत्र पंधरा डॉलरला घेतलं आणि पुळणीमागच्या उंचवट्यावर ते फिरवू लागले. जहाजाचा खिळा निघाला, तोफेचा गोळा निघाला. वादळातून वाचलेल्या माणसांनी जिथे तळ ठोकला होता, नेमकी तीच ती जागा होती. त्याच मातीतून पुढे एक अंगठी वर आली. ओबडधोबड घडणीची, सोन्याची, मधोमध हिरा.

त्या ताफ्यातल्या याहून देखण्या वस्तू पुढे मिळाल्या. वॅग्नरांच्या नात्यातल्या एका मुलाला त्याच किनाऱ्यावर दोन हजारांहून अधिक कड्यांची सोन्याची साखळी सापडली. तिला ड्रॅगनच्या आकाराचं लोलक होतं. ते फुंकलं की शिटी वाजायची आणि त्यातून दात कोरायची सोन्याची काडी बाहेर यायची. १९६७ च्या लिलावात तिचे पन्नास हजार डॉलर आले. माझं मन मात्र त्या ओबडधोबड अंगठीपाशीच घोटाळतं. ती समुद्रात मिळाली नाही, तळावर मिळाली. म्हणजे कदाचित तिचा धनी बुडाला नसेल. लाटांतून, फुटक्या फळ्यांतून तो काठाला लागला असेल, तेव्हाही ती त्याच्या बोटात असेल, आणि मग कोरड्या जमिनीवर, जीव वाचल्यानंतर, ती हरवली असेल. त्याने ती शोधली असणार. गुडघ्यांवर बसून, बोटांनी माती उकरत शोधली असणार.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतो, कारण तसं शोधताना मी आईला पाहिलं आहे.

१९८७ च्या मे महिन्यात आम्ही गुहागरला होतो. दुपारी आईने फणस कापला होता. चीक चिकटू नये म्हणून हाताला खोबरेल लावलेलं, ते साबणानेही पुरतं निघत नाही. संध्याकाळी समुद्रावर गेल्यावर तिने ओली वाळू घेऊन हात खसाखसा चोळले आणि येणाऱ्या लाटेत धुतले. चार पावलं चालली आणि थांबली. "अहो, वेढणं गेलं." तारेचे वेढे घातलेलं साधं सोन्याचं वेढणं होतं ते. बाबा म्हणाले, "राहू दे, दुसरं करू." आई म्हणाली, "दुसरं होईल हो. हे नाही होणार." आत्या समजुतीने म्हणाली, "वहिनी, समुद्राने घेतलं ते समुद्राला दिलं म्हणायचं." आई काही बोलली नाही. पुढचे तीन दिवस ओहोटीची वेळ साधून ती तिथे जात होती. मी स्वयंपाकघरातली पिठाची चाळण घेऊन तिच्याबरोबर. चाळणीत शिंपल्यांचा चुरा यायचा.

त्या वेढण्याचं वजन भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड. दागिन्यांचं बावीस कॅरट सोनं सतरा-अठरा पट. वाळूतला गारगोटीचा कण जेमतेम पावणेतीन पट. लाट वाळू उचलते, नेते, आणते. सोनं मात्र जागीच खाली खाली जातं, आणि खालच्या घट्ट थरावर, चिकणमातीवर किंवा कातळावर, टेकतं. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र पुळण खातो आणि शांत ऋतूत ती परत भरून देतो. तेव्हा वर्षातले काही आठवडे हा खालचा थर उघडा किंवा उथळ असतो. जगभरचे शोधक म्हणूनच वादळानंतर किनाऱ्यावर येतात. ते काळ्या वाळूच्या रेघाही बघतात, कारण लाटा जड कण एकत्र निवडून ठेवतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटच्या अशा काळ्या रेघा सहज दिसतात. सोनाराच्या दुकानातली राख आणि केर धुऊन कण वेगळे काढणारे झारेकरी जे काम पाण्याच्या परातीत करत आले, तेच समुद्र अवाढव्य परातीत रोज करतो. फक्त तो उचलून कुणाच्या हातात देत नाही.

देण्याचं काम यंत्राचं. तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र स्पंदत राहतं. खाली धातू असला तर त्याच्यात विजेचे छोटे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र वर येतं आणि शोधकाच्या कानात त्याचा सूर होतो. या कल्पनेचा जन्म दागिन्यांसाठी झाला नाही. १८८१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल असं यंत्र घेऊन त्यांच्या बिछान्यापाशी उभे होते. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी सूर बिघडवला असं म्हणतात, आणि डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली होती. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून फिरवता येईल असं सुरुंगशोधक यंत्र घडवलं आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात ते सैनिकांच्या पुढे चाललं. वाळूवर यंत्र झुलवत सावकाश पुढे सरकणारा माणूस आज किनाऱ्यावर दिसतो, त्याची ती चाल मुळात मरण चुकवण्याची आहे.

आणि हे यंत्र आंधळं आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याला किंमत ऐकू येत नाही. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची अॅल्युमिनियमची कडी बऱ्याचदा एकाच सुरात बोलतात. कड्या नकोत म्हणून तो सूर गाळायला सांगितला तर अंगठ्याही गाळल्या जातात. म्हणून मुरलेले शोधक सगळं खणतात. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहते आणि खोटे सूर काढते. त्यातही बंद वर्तुळाला यंत्र चांगलं ओळखतं, कारण त्यात भोवरा अखंड फिरतो. बारीक कड्यांच्या साखळीत तो कडीकडीला तुटतो, आणि भारी साखळीसुद्धा जवळजवळ मुकी राहते. आईचं वेढणं बंद कडं नव्हतं, दोन्ही टोकं मोकळी असलेली तार होती. वेढे एकमेकांना घट्ट टेकलेले असतील तर ते ऐकू आलं असतं, सैल झाले असतील तर कदाचित नसतं. या एका प्रश्नावर मी किती रात्री विचार केला आहे, सांगता येणार नाही.

सूर आला, वाळू बाजूला झाली, सोनं हातात आलं. सोन्याला गंज नाही, म्हणून ते काल पडल्यासारखं दिसतं, मग पडून तीन दिवस झालेले असोत की तीन शतकं. पण सापडलं म्हणजे काय झालं?

कालिदासाने या प्रश्नावर एक अख्खं नाटक उभं केलं. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही. तिथे आकाशवाणी साक्ष देते. कालिदास अंगठी आणतो, तिला पाण्यात हरवतो, माशाच्या पोटात घालतो आणि एका धीवराच्या हाती देतो. नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' आहे : ओळख, ओळखीची खूण. शक्रावतारचा तो धीवर रोहित मासा कापतो, अंगठी बघतो आणि ती विकायला काढतो. शिपाई त्याला धरतात, मारतात, चोर ठरवतात, त्याच्या अंगाच्या वासावरून त्याला हिणवतात. अंगठी शकुंतलेला विसरलेल्या राजा दुष्यंतासमोर जाते. स्वभावाने गंभीर असलेला राजा क्षणभर व्याकूळ होतो, असं तिथून परतलेला अधिकारी सांगतो. धीवराला अंगठीच्या किमतीइतकं बक्षीस मिळतं, आणि त्यातला अर्धा भाग तो मारणाऱ्या शिपायांनाच देऊन टाकतो. शाळेत हा प्रवेश विनोदी म्हणून शिकवतात. मला तो या नाटकाचा कणा वाटतो. जी वस्तू धीवरासाठी सोनं आहे, ती एकाच माणसाच्या डोळ्यांपुढे आली की आयुष्य होते. तोवर तिचं मोल फक्त सोनारापाशी.

आपल्या भाषेत दागिना विकायला नेतात तेव्हा तो 'मोडतात'. मोडीची किंमत तराजूवर ठरते. घडणावळ, खडा, आठवण सगळं वजा होतं. सापडलेल्या दागिन्यापुढे हे दोन रस्ते असतात, मोड किंवा ओळख, आणि माणसाच्या कायद्यांनी या फाट्यावर फार जुन्या काळापासून विचार केला आहे. जस्टिनियनच्या ५३३ सालच्या रोमन विधिग्रंथात किनाऱ्यावर मिळालेले खडे आणि रत्नं सापडणाऱ्याचीच मानली आहेत. तोच ग्रंथ पुढे सांगतो की वादळात जहाज हलकं करण्यासाठी समुद्रात फेकलेला माल मात्र धन्याचाच राहतो, कारण त्याने तो नको म्हणून फेकलेला नसतो. एकाच लाटेने आणलेल्या दोन वस्तूंमध्ये हा भेद करणं, हरवलेल्या माणसाचं मन त्यात मोजणं, हे मला फार थोर वाटतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ ला उदाहरणं जोडलेली होती. त्यातलं एक असं : 'अ' ला मौल्यवान अंगठी सापडते, कुणाची ते त्याला माहीत नाही, धन्याचा शोध न घेता तो ती लगेच विकतो, 'अ' गुन्हेगार आहे.

या कलमाखाली कालिदासाचा धीवर अडकला असता. आणि तरी त्याने ती बाजारात आणली नसती, घरात पुरून ठेवली असती, तर दुष्यंताला काहीच आठवलं नसतं. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. धनी कोण हे कळण्यासाठी वस्तू आधी उजेडात यावी लागते, एवढंच. आज कितीतरी शोधक अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेलं नाव किंवा लग्नाची तारीख वाचून धनी हुडकतात आणि ती परत करतात. दुष्यंताच्याही अंगठीवर नाव होतं. रोज एक अक्षर मोज, अक्षरं संपतील तोवर माझं माणूस तुला न्यायला येईल, असं त्याने शकुंतलेला सांगितलं होतं.

वेढण्यावर नाव नसतं. कोरायला जागाच नसते. आईचं वेढणं तिच्या आईची बांगडी मोडून केलेलं होतं, म्हणजे ते स्वतःच मोडीतून आलेलं. तरी तिला त्यात आजीचा हात दिसायचा. हे कळल्यापासून मोड आणि ओळख यांच्यातली माझी रेघ तितकीशी सरळ राहिली नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने बेवारस सापडलेलं धन तीन वर्षं सांभाळून ठेवावं, असं म्हटलं आहे. 'माझं आहे' म्हणत येणाऱ्याला विचारायचं : कुठे हरवलं, केव्हा, रंग कोणता, आकार कसा, माप किती. देश, काल, वर्ण, रूप, प्रमाण. खरं सांगू शकला तर त्याचं त्याला द्यायचं, नाही तर तेवढ्याच किमतीचा दंड. तीन वर्षं केव्हाच उलटली. आईही आता नाही. पण माझ्यापाशी पाचही उत्तरं आहेत.

गुहागरची पुळण, सुरूच्या बनातून जिथे आम्ही उतरायचो तिथून उत्तरेला शंभरेक पावलं, ओहोटीच्या पाण्याची कड. १९८७ चा मे, सूर्यास्ताच्या थोडं आधी. जुन्या सोन्याचा, किंचित तांबूस. तारेचे चार वेढे, एका टोकाला सोनाराच्या चिमट्याची बारीकशी खूण, आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत. अर्ध्या तोळ्याला थोडं कमी.