निराधारांचे दप्तर

महाराष्ट्रात 1980 साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे काम तहसील कार्यालयातील ज्या शाखेतून चालते, तेथे अर्थसाहाय्य आणि अभिलेख, म्हणजे कामकाजात तयार झालेले वा स्वीकारलेले आणि जतन करावयाचे कागद, यांची फारकत करता येत नाही. कारण विधवेची किंवा दिव्यांगाची विपन्नावस्था गावाला कितीही ठाऊक असली, तरी संचिकेत उतरल्याखेरीज शासन तिची दखल घेऊ शकत नाही.

अभिलेखांची वर्गवारी 'अ', 'ब', 'क', 'ड' अशी होते. 'अ' वर्गातील कागद कायम, 'ब' वर्गातील 30 वर्षे, 'क' वर्गातील त्याहून कमी काळ, तर 'ड' वर्गातील जेमतेम वर्षभर ठेवायचे असतात. अनिलकुमार लखिना यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात 1980च्या दशकात रुजवलेल्या सहा गठ्ठा पद्धतीनेही प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांपासून नष्ट करावयाच्या 'ड' कागदांपर्यंत लिपिकाच्या टेबलाला शिस्त लावली, आणि त्या शिस्तीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या दोन्ही व्यवस्थांत कागदाचे आयुष्य कार्यालयाच्या गरजेवरून ठरते, आणि नागरिकाला तो कागद केव्हा लागेल याचा अंदाज त्या गरजेत बसत नाही.

जात पडताळणीत हे ठळकपणे दिसते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो, म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, यांची पाने आज मोडी वाचकांकडून उलगडून घ्यावी लागतात. जन्म टिपणाऱ्याने ओघात लिहिलेली जात पणतवाच्या शिष्यवृत्तीचा आधार ठरते. वाळवी लागलेल्या पानाची किंमत मात्र ज्याने ते सांभाळले नाही त्याला मोजावी लागत नाही.

निराधार योजनेत ही विषमता अधिक खटकते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारच देतात आणि त्यांच्याच कार्यालयातील दुसऱ्या शाखेत तो अर्जदाराला नेऊन द्यावा लागतो; पतीच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे असतानाही तिचा उतारा विधवेनेच आणायचा असतो; आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत आहोत हेही तिनेच पटवायचे असते. मृत्यूनोंदी आणि लाभार्थी यादी परस्परांशी जोडल्यास हे हेलपाटे बरेच कमी होतील हे खरे; तथापि नावातील एका वेलांटीच्या फरकाने जिवंत माणूस मृत ठरू शकतो, म्हणून अशा जुळणीवरून अनुदान थांबवण्यापूर्वी तलाठ्याने घरी जाऊन खातरजमा करणे आणि थांबवल्याचे कारण संचिकेत नोंदवणे अनिवार्य असावे, तसेच ती संचिका लाभार्थी हयात असेपर्यंत 'ड' गठ्ठ्यात जाऊ नये.