न चाललेल्या गाडीचे मोल

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी 8 होता आणि आता 48 आहे, तलासरी मागे टाकून अच्छाडला येतो, तेथे महाराष्ट्राची हद्द सरते आणि पलीकडे गुजरातेतील भिलाड लागते. या सरहद्दीवरच्या नाक्याने वर्षानुवर्षे मालवाहू गाड्यांच्या रांगा पाहिल्या, त्यांचे वजन, परवाने आणि दस्तऐवज तपासले. आणि त्या रांगांत लक्षावधी किलोमीटरांची मजल मारलेले, रंग उडालेले, पाटे बदललेले असे कित्येक ट्रक होते. ट्रकमालकाच्या हिशोबात उभी गाडी म्हणजे निव्वळ तोटा, कारण चाके फिरोत वा न फिरोत, कर्जाचा हप्ता, विमा आणि कर यांना खळ नसतो. जेथे गाडीचे मोल तिच्या चालण्यावरून ठरते अशा या रस्त्याच्या कडेला राहून, जिचे मोल ती चालली नाही एवढ्याच कारणाने वाढले त्या मोटारीचा विचार मनात आला, म्हणजे तो केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही. वस्तूचे मोल तिच्या उपयोगात असते की तिच्या अस्पर्शित राहण्यात, हा फार जुना धर्मप्रश्न त्यातून डोके वर काढतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 1995 साली तयार झालेली मॅकलारेन एफ-1 ही मोटार ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेत पेबल बीच येथील लिलावात 2 कोटी 4 लाख 65 हजार डॉलरांना विकली गेली. असल्या मोटारी जगात एकूण 106च झाल्या, म्हणून दुर्मिळतेचा वाटा त्या किमतीत आहेच. परंतु तिच्या भगिनींहून तिला वरचढ ठरवणारी गोष्ट अशी की, सव्वीस वर्षांत ती अवघी 242 मैल, म्हणजे सुमारे 390 किलोमीटर चालली होती. मुंबईहून निघून सुरत गाठावी आणि माघारी वळावे, तर परतीची निम्मी वाटही पुरी होणार नाही एवढाच तिचा जन्मभराचा प्रवास.

लिलावातील किंमत कशी ठरते हे ध्यानात घेतले पाहिजे. शेकडो लोक सभागृहात असले तरी अखेरीस दोघेच उरतात, आणि जिंकणाऱ्याने मोजलेली रक्कम ही हरणाऱ्याची इच्छा जेथे थांबली त्याच्या एक पायरी वरची असते. म्हणजे तिच्यात वस्तूच्या गुणांपेक्षा दोन मनांतील स्पर्धेचे मापच अधिक असते. तेवढ्यावरून तिला खोटी म्हणता येणार नाही, कारण पैसे खरे आहेत आणि देणाऱ्याने ते राजीखुशीने दिले आहेत; परंतु 'किती मिळाले' आणि 'किती योग्य होते' हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या पावतीवरून कधीच मिळत नाही.

आता ज्याने ही मोटार घेतली त्याची अवस्था पाहा. तिचे मोल तिच्या न चालण्यात आहे, म्हणून तो ती चालवील तर प्रत्येक किलोमीटरागणिक त्याची मत्ता घटणार. आणि न चालवील, तर ताशी 380 किलोमीटरांहून अधिक वेगाने धावण्यासाठी निर्माण झालेल्या त्या यंत्राचा त्याला काही एक भोग घडणार नाही. भर्तृहरीने नीतिशतकात धनाच्या दान, भोग आणि नाश अशा तीनच गती सांगितल्या आहेत, आणि जो देत नाही व भोगीतही नाही त्याच्या धनाला तिसरी गती प्राप्त होते असे बजावले आहे. यंत्राच्या बाबतीत हा तिसरा शब्द अक्षरशः खरा ठरतो. रबराचे टायर न फिरताही वयाने कडक होतात. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषीत राहतो. टाकीत राहिलेल्या पेट्रोलाचा चिकट थर बसतो. बॅटरी मरते, आणि तेलाचा स्पर्श न झालेली सीले सुकून गळू लागतात. तेव्हा 'न वापरल्यामुळे नवी राहिलेली गाडी' ही वस्तू सृष्टीत नाहीच. काळ आपली वसुली करतोच; अंतरदर्शकावरील आकडा मात्र ती नोंदवीत नाही.

या पक्षाच्या उलट जे सांगण्याजोगे आहे ते बळकट आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. देवाला वाहावयाचे फूल आपण हुंगत नाही. अस्पर्शित राहण्यातही एक पावित्र्य असते, हे आपल्या उपासनेने पिढ्यान्‌पिढ्या मानले आहे. त्याहूनही मोठा दाखला ज्ञानेश्वरीचा. शके 1212 मध्ये सिद्ध झालेला तो ग्रंथ हातोहात फिरला, उतरवून घेतला गेला, मुखोद्गत झाला, आणि त्या फिरण्यातच त्यात इतके पाठभेद शिरले की सुमारे तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांना अनेक प्रती ताडून त्याचे शुद्धीकरण करावे लागले. एखादी मूळ प्रत कोणी कडीकुलपात जपून ठेवली असती, तर नाथांचे केवढे श्रम वाचले असते! त्याचप्रमाणे ज्या मोटारीचा मूळ रंग, मूळ शिवण, कारखान्यात आवळलेल्या बोल्टांवरच्या खुणा जशाच्या तशा आहेत, ती त्या जातीच्या इतर सर्व मोटारींसाठी प्रमाण ठरते. जीर्णोद्धार करणारा कारागीर तिच्याकडे पाहूनच आपली चूक सुधारू शकतो.

हे सर्व मान्य करूनही मला असे दिसते की, या दोन्ही दृष्टांतांतील मर्म अस्पर्शित राहण्यात नसून ज्यासाठी राखले त्या हेतूत आहे. फूल हुंगत नाहीत ते त्याच दिवशी देवाला अर्पण करण्यासाठी. पेटीत घालून पुढल्या वर्षी अधिक दराने विकण्यासाठी नव्हे. मूळ प्रतीचे मोल ती अभ्यासकासमोर उघडली जाते तेव्हाच. आणि ज्ञानेश्वरी आज आपल्यापाशी आहे ती कोणी कुलपात ठेवली म्हणून नव्हे, तर असंख्य सामान्य हातांनी ती वापरली, चुकत-माकत का होईना पुढे दिली, म्हणून आहे. ती मोटार संग्रहालयात सर्वांच्या दृष्टीस पडावी, तिच्यावरून कोणी काही शिकावे, या हेतूने कोणी मोठी किंमत मोजली, तर ती मला अवास्तव वाटणार नाही. परंतु पुढील ग्राहक याहूनही अधिक देईल एवढ्याच आशेने जी राखली जाते, तिच्यापाशी केवळ धनावर बसलेल्या नागाचा पहारा असतो, आणि त्या पहाऱ्याला त्यागही म्हणता येत नाही व भोगही.

शिवाय लिलावांचाच इतिहास अस्पर्शाच्या पक्षाला पुरता पाठिंबा देत नाही. 2018 साली 4 कोटी 84 लाख डॉलरांना गेलेली फेरारी 250 जीटीओ ही 1962 च्या शर्यतींत धावून इटलीचे विजेतेपद मिळवलेली मोटार होती. मे 2022 मध्ये जिला साडेतेरा कोटी युरो मिळाले, ती 1955 ची मर्सिडीझ 300 एसएलआर तिचे रचनाकार उलेनहाउट यांनी स्वतः सार्वजनिक रस्त्यांवर चालवलेली होती. आणि त्या विक्रीची रक्कम तरुणांच्या शिष्यवृत्तींसाठी लावण्याचे ठरले, म्हणजे भर्तृहरीची पहिली गती तिला लाभली. आपल्याकडे सचिन तेंडुलकर यांना ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल 2002 मध्ये मिळालेली फेरारी 360 मोडेना 2011 साली सुरतेच्या एका उद्योजकाने विकत घेतली, तेव्हा त्याला आकर्षण वाटले असेल ते ती गाडी कोणाच्या हातून चालली याचे. प्रसादाची जी किंमत आपण मनात करतो ती याच जातीची आहे.

अच्छाडच्या परिसराने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, ते मोटारींपुरते नाही, आणि मोटारींच्या गोष्टीत ते आणताना मला संकोच वाटतो. तरी ते सांगितलेच पाहिजे. 1945 च्या मे महिन्यात, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या आणि आज तलासरीत मोडणाऱ्या झरी या गावी वारली शेतमजूर जमले, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. लग्नासाठी घेतलेल्या क्षुल्लक कर्जापायी जन्मभर सावकाराच्या शेतात राबणारे लग्नगडी त्यांत होते. मालकी दप्तरात ज्याच्या नावे तोच धनी, की ज्याच्या श्रमाने जमीन पिकते तो धनी, हा वाद येथे पुस्तकात नव्हे, बांधावर लढला गेला. पुढे 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, आणि कसण्यातून हक्क उपजतो हे तत्त्व, अंमलबजावणीत कितीही उणे राहिले असले, तरी सरकारदरबारी मान्य झाले. मोटार पडून राहिल्याने कोणी उपाशी मरत नाही, हा भेद मी विसरत नाही. परंतु वस्तूशी आपले नाते कब्जाने जुळते की वहिवाटीने, हे या मातीत ज्यांनी स्वतःच्या पाठीवर सोसून ठरवले, त्यांचा निर्णय लिलावगृहातल्या हातोड्याहून मला अधिक विश्वसनीय वाटतो.

म्हणून ज्या कोणापाशी अशी मोटार घेण्याइतकी ऐपत आहे आणि घेण्याची मनापासून आवड आहे, त्याला माझे सांगणे एवढेच की, केवळ दर्शकावरचा आकडा लहान आहे म्हणून दुप्पट-चौपट रक्कम मोजू नये. ती रक्कम त्या मोटारीची नव्हे, तिच्या अनुपयोगाची आहे, आणि ती देताच पुढला अनुपयोगही पत्करावा लागतो. चांगल्या हातांनी चालवलेली, वेळेवर तेलपाणी झालेली आणि दुरुस्तीच्या प्रत्येक पावतीची नोंद असलेली गाडी पाहावी, ती वाजवी किमतीत घ्यावी, आणि चालवावी.