सेवा आपल्या सोयीची की दुसऱ्याच्या गरजेची?

सेवा करावी, हे आम्हां वारकऱ्यांना कुणी नव्याने सांगायला नको. कीर्तनात ते ऐकतो, मान डोलावतो, यथाशक्ती करतोही. पण ती कोणाच्या सोयीने करावी, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. आज त्याचाच थोडा विचार करू.

आषाढीच्या वाटेवर पाहा. मोठ्या गावाच्या वेशीपाशी चार-चार मंडळे चहा-केळी वाटीत असतात. हातातले एक केळे संपत नाही तोच दुसरे पुढे येते. सालींचा आणि कागदी पेल्यांचा खच पडतो, आणि पुढे आडरानात मात्र पाणी द्यायला कुणी नसते. त्याच वारीत पुण्याच्या मुक्कामी गटई कामगार फाटक्या वहाणा फुकट शिवून देतात, नाभिक बांधव दाढी करून देतात. त्यांच्यापाशी पैसा थोडा, पण त्यांनी आधी वारकऱ्याच्या पायांकडे पाहिले, मग हत्यार हाती घेतले.

रक्तदानाचेही तसेच. जयंत्या, पुण्यतिथ्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की शिबिरांची गर्दी उडते. पण रक्त काही धान्यासारखे कणगीत भरून ठेवता येत नाही. त्यातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबिका तर अवघे ५ दिवस. मे महिन्यात कॉलेजे बंद, माणसे गावी गेलेली. तेव्हा रक्तपेढ्यांत चणचण भासते. थॅलेसेमियाच्या लेकराला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्याचा आजार काही सुटीवर जात नाही!

कुणी म्हणेल, “अहो, काहीच न करण्यापेक्षा हे बरे नव्हे काय? नावासाठी दिलेल्या अन्नानेही भुकेल्याचे पोट भरतेच ना?” भरते. ते आम्ही नाकारीत नाही, आणि देणाऱ्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतूही नाही. पण मग हेतू शुद्ध असावा असे का म्हणतात? हेतू केवळ मनात राहत नाही, म्हणून. दान कुठे, केव्हा आणि कशाचे व्हायचे, हे तोच ठरवितो. ज्याला दिसायचे आहे तो गर्दी असेल तिथे जातो. ज्याला उपयोगी पडायचे आहे तो उणीव असेल तिथे जातो. अहंकार टाका असे आपल्याला सांगितले जाते, ते केवळ आपल्या मोक्षासाठी नव्हे. आपला अहंकार शाबूत राहिला, तर दुसऱ्याचे पाणी राहून जाते.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत, कीर्तन मागाहून. गावाला काय हवे, हे ते डोळ्यांनी पाहत. धर्मशाळा बांधल्या त्याही परगावच्या गरीब माणसाची अडचण ओळखून. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची सोय होते. उपचार महिनोन्‌महिने चालतात; औषधाइतकीच पाठ टेकायला जागा लागते.

तर मग आपण काय करावे? आधी विचारावे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात; त्यांना भेटून म्हणावे, “आठवड्यातले दोन तास आहेत, कुठे उपयोगी पडू?” रक्तपेढीत नाव देऊन ठेवावे आणि बोलावतील तेव्हा जावे, निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो. त्याला ना खर्च ना भांडवल. फक्त त्या दिवशी वेळेवर हजर राहायचे. आणि एकदा पत्करलेले काम वर्षभर सोडायचे नाही. एका दिवसाच्या उत्साहापेक्षा नेमाचे बळ मोठे, हे वारी करणाऱ्याला काय सांगावे?

देण्याआधी “तुम्हाला काय हवे?” एवढे विचारायला पैसा लागत नाही. फक्त क्षणभर आपण मागे आणि समोरचा पुढे, असे व्हावे लागते. आम्हांला वाटते, सेवेचा आरंभ तिथेच आहे.