पाहुण्यासाठी जागा



आजच्या पहिल्या वाचनातील (२ राजे ४) शुनेम गावची बाई सधन होती. अलीशा संदेष्टा वरचेवर येतो हे पाहून तिने पतीशी बोलून गच्चीवर त्याच्यासाठी लहानशी खोली करायचे ठरवले. खोलीत चारच वस्तू : खाट, मेज, बैठक आणि दिवा. थकलेल्या माणसाला लागते तेवढेच.

आपण घर आवरतो ते कशासाठी? पाहुण्याने पाहावे म्हणून, की त्याने टेकावे म्हणून? शोकेस भरलेले असते, पण म्हाताऱ्या आत्याला एक रात्र राहायला जागा नसते. चांगले कप कपाटात राहतात आणि कामाला येणाऱ्या बाईचा कप खिडकीत वेगळा असतो. आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १०) मात्र प्रभू येशू लहानांतील एकाला दिलेल्या पेलाभर थंड पाण्याचेही मोल ठेवतो.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त मानून घरात घ्यायला सांगितले आहे. गरीब आणि यात्रेकरू यांची तर अधिकच काळजी.

या आठवड्यात आपण घरातला एक कोपरा मोकळा करू या आणि खिडकीतला तो कप आपल्या कपांत आणून ठेवू या. प्रभू दारात येईल तेव्हा त्याला बसायला जागा असू दे. आमेन.