दोन कर्ण

शिवाजी सावंतांची कर्णावरची ‘मृत्युंजय’ मला आवडत नाही, असं म्हटलं की माणसं दुखावतात. त्यांचं दुखावणं मला समजतं. कितीतरी घरांत ती एकच जाडजूड कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली गेलेली असते, आणि एका लेखकाने एवढ्या लोकांना वाचतं करावं, ही थोर गोष्ट आहे. तरी माझं मन तिच्यात रमत नाही.

ते अडतं द्यूतसभेपाशी. महाभारतात विकर्ण, एक कौरवच, उठून सांगतो की द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. त्याला दटावून गप्प बसवतो तो कर्ण. तिला भरसभेत कुलटा ठरवतो तोही कर्णच, आणि तिची नि पांडवांची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही तोच. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आपापल्या तोंडाने बोलतात, पण प्रत्येकाचं बोलणं अखेर कर्णाच्याच पारड्यात पडतं. कवचकुंडलांचं तेज एवढं झळाळतं की सभेत उभी असलेली ती बाई मला नीट दिसतच नाही.

‘मृत्युंजय’ आली त्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. त्यातही कर्ण आहे, एका लेखापुरता. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. महाभारताची भांडारकर संस्थेची संशोधित आवृत्ती पुढ्यात ठेवून लिहिणाऱ्या. आपण कोण, या प्रश्नाने जन्मभर पोळलेला कर्ण त्या समजून घेतात, पण त्याच्या हातून जे हीन घडलं त्यावर पांघरूण घालत नाहीत. खांडववन जाळून आतले जीव बाहेर पडू न देणाऱ्या कृष्णार्जुनांचीही त्या गय करत नाहीत. आणि एवढं परखड वाचूनही मला कर्णाची कणव येते, ती ‘मृत्युंजय’ वाचताना आली नव्हती. तिथे माझ्या वाटचं रडणं लेखकानेच उरकलेलं असतं.

कोणी तरुण मुलंमुली महाभारतावरचं पुस्तक मागायला आली की मी ‘युगान्त’ हातात ठेवते. कर्णाच्या लेखाची घाई करू नका, आधी ‘गांधारी’ वाचा, म्हणते. नवरा आंधळा आहे, हे सासरी पोचल्यावर कळलेली ती नवरी एकदा भेटली, की पुढचे लेख त्यांचे ते वाचतात.