वाटेकरी

वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकली नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण कधी वापरली नाही असाही सापडायचा नाही. दोन्ही आपण एकाच घरात, बहुधा एकाच आजीच्या तोंडून ऐकतो. एक खरे असेल तर दुसरे खोटे असले पाहिजे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात आले ते नोकरीमुळे. मी तीसएक वर्षे परिवीक्षा अधिकारी होतो.

हा शब्द पुष्कळांना समजावून सांगावा लागे. “पोलीस नाही, वकील नाही, मग तुम्ही कोण?” असे लोक विचारीत. गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला, विशेषतः एकवीस वर्षांखालच्या पोराला, तुरुंगात धाडण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेऊन घरी सोडावे, अशी सोय मुंबई प्रांतात १९३८ सालच्या कायद्याने झाली होती. पुढे १९५८ साली देशासाठी कायदा झाला. मुचलका जास्तीत जास्त तीन वर्षांचा. देखरेख ठेवायचीच झाली तर ती निदान एक वर्षाची. ही देखरेख ठेवणारा तो मी. घरची, कामाची, स्वभावाची चौकशी करून न्यायालयाला अहवाल द्यायचा, अटी पाळल्या जातात की नाही ते पाहायचे, आणि त्याच माणसाला सल्ला द्यायचा, मदत करायची, जमल्यास काम मिळवून द्यायचे, अशी माझी कर्तव्ये होती. म्हणजे पहारेकरीही मीच आणि मित्रही मीच. यात काही विसंगती आहे, असे प्रारंभी मला वाटलेच नाही.

१९८४ च्या सुमाराची गोष्ट. एकोणीस वर्षांचा एक मुलगा चोरीच्या गुन्ह्यात दोन वर्षांच्या देखरेखीवर माझ्याकडे आला. बाप नव्हता, आई धुणीभांडी करी. मी त्याला एका सायकलच्या दुकानात कामाला लावले. मालक भला गृहस्थ होता. त्याला मी सांगितले, “मुलगा गरजू आहे, हात चांगला आहे.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. न्यायालयाचे मात्र काही बोललो नाही. पोराच्या भल्यासाठीच बोललो नाही, असे मी मनाशी म्हटले.

दर सोमवारी तो कचेरीत येई. अकरा महिने सुरळीत गेले. मग एका सोमवारी तो बसलाच नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, “साहेब, शनिवारी गल्ल्यातले चाळीस रुपये घेतले होते. काल परत ठेवले. मालकांना कळलं नाही.”

त्याला विचारायला कोणी गेले नव्हते. पैसे जागेवर होते. कायद्याप्रमाणे मी हे न्यायालयाला कळवायला हवे होते. पहिल्याच चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंड करून मुचलका पुढे चालू ठेवता येतो. पण मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते. कळवावे तर ज्या खरेपणासाठी मी वर्षभर झटलो त्याच खरेपणाला शिक्षा व्हायची. न कळवावे तर न्यायालयाशी प्रतारणा. आणि ज्याचा गल्ला होता त्या मालकाचे काय?

मी मधली वाट काढली. त्याला म्हटले, “तू स्वतः जाऊन मालकांना सांग. खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत नाही.” तो गेला. मालकाने त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. पोराने बहुधा सारेच सांगून टाकले होते. मालक चिडला नव्हता. हातातले काम न थांबवता म्हणाला, “साहेब, त्यानं पैसे परत तरी ठेवले. तुम्ही मला आधी सांगायला नको होतं का?”

याला मजजवळ उत्तर नव्हते. आदल्या दिवशी मी त्या मुलाबरोबर का गेलो नाही? तेव्हा मी कारण उदात्त दिले होते: पश्चात्ताप ज्याचा त्यानेच करायचा असतो. खरे कारण हलके होते. बरोबर गेलो असतो तर त्याच्या कबुलीशेजारी मला माझीही द्यावी लागली असती. मालकाचा विश्वास मी त्याला न विचारताच पोराच्या नावे उसना दिला होता.

या व्यवसायाचा आरंभ ज्याच्यापासून मानतात तो जॉन ऑगस्टस बोस्टन शहरात जोडे बनवीत असे. १८४१ साली एका दारुड्याला तो न्यायालयात स्वतः जामीन राहिला आणि तीन आठवड्यांनी सुधारलेल्या त्या माणसाला घेऊन पुन्हा न्यायाधीशांपुढे उभा राहिला. १८५९ साली वारला तोवर तो सुमारे दोन हजार जणांना जामीन राहिला होता. त्याला ना हुद्दा होता ना पगार. माणूस पळाला तर याचे पैसे जायचे. माझे काय जाणार होते? मी जामीन नव्हतो. मी नुसता सही करणारा होतो.

वाल्याच्या गोष्टीतही नारद त्याला आधी उपदेश करीत नाही. तो विचारतो, तुझ्या पापात वाटेकरी कोण? घरचे नाही म्हणतात. आपण त्यांना कठोर ठरवून मोकळे होतो. पण मी काय वेगळे केले? मुलगा सुधारला असता तर ते माझे यश म्हणून मी मिरवले असते. तो घसरला तेव्हा पाप त्याचे एकट्याचे झाले. देखरेख आणि विश्वास एका ठायी नांदू शकत नाहीत, असे मला पुष्कळ दिवस वाटे. आता वाटत नाही. आईसुद्धा मुलावर नजर ठेवतेच. पण ती त्याच्या बऱ्यावाइटाची वाटेकरीण असते, म्हणून तिची नजर टोचत नाही. नुकसानीत ज्याचा वाटा नाही त्याची नजर पहारेकऱ्याची. मग तो कितीही गोड बोलो.

शेकडो माणसांना एका अधिकाऱ्याने जामीन कसे राहावे, असे कोणी विचारील. राहता येत नाही, हे मीही जाणतो. पुढे मी एवढेच केले: काम मागताना मालकांना सारे सांगितले, आणि कबुलीला कोणालाही एकटे धाडले नाही. त्यामुळे पुष्कळ दारे बंद झाली. जी उघडली ती टिकली, असेही छातीठोकपणे सांगवत नाही.

तो मुलगा उरलेले तेरा महिने दर सोमवारी वेळेवर येत राहिला. समोर बसे आणि काही विचारले की म्हणे, “ठीक आहे, साहेब.” याहून अधिक एक शब्द त्याने कधी सांगितला नाही. मुदत संपली तेव्हा मी शेवटचा अहवाल लिहिला: वर्तन समाधानकारक.

आज तो साठीच्या घरात असेल. त्याने पुन्हा चोरी केली की नाही, मला ठाऊक नाही. न विचारता कोणाला पुन्हा खरे सांगितले असेल का, हा प्रश्न मला अधिक छळतो.