यंत्राचें अनुमान आणि माणसाचा निर्णय

मनुष्यानें आपल्या इंद्रियांच्या साहाय्यार्थ यंत्रें निर्माण केलीं, यांत नवें कांहीं नाहीं. चष्म्यानें दृष्टीस बळ दिलें, तापमापकानें स्पर्शाची अनिश्चितता घालविली. आज मात्र यंत्र पाहतें, मोजतें आणि पुढें काय करावें हेंहि सांगतें. मनगटावरचें घड्याळ नाडीचे ठोके मोजून विश्रांतीचा सल्ला देतें. सल्ला यंत्राचा आणि परिणाम माणसाचा अशी वांटणी झाली असतां निर्णय कोणाचा मानावा?

आम्हां वऱ्हाडकरांस हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. अमरावती-अकोल्याच्या कपाशीवरच तो पारखून पाहूं. गुलाबी बोंडअळी लहान असतांनाच बोंडांत शिरते; मागें छिद्र बुजतें व बाहेरून बोंड निरोगी दिसतें. २००२ सालीं आलेल्या बीटी वाणांनीं व २००६ पासून त्यांच्या दुसऱ्या पिढीनें शेतकऱ्यास निश्चिंत केलें होतें. परंतु अळी त्या विषास सरावली आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भांत हाहाकार उडाला. अनुभवी डोळेहि फसले. तेव्हां जुन्या नजरेचे गोडवे गाऊन यंत्रास हिणविणें न्यायाचें नव्हे.

कामगंध सापळ्यांत मादीच्या गंधाचें आमिष असतें. त्यास भुलून नर पतंग सांपडतात. लागोपाठ तीन रात्रीं दर सापळ्यांत आठ पतंग आढळले, म्हणजे उपाय करावा असा संकेत आहे. मुंबईच्या वाधवानी संस्थेनें ‘कॉटनएस’ या साधनांत ही मोजणी कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोंपविली: पतंगांचें छायाचित्र काढावें, यंत्रानें ते ओळखून मोजावे व फवारणीविषयीं सल्ला द्यावा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें कॅमेरा बसविलेले सापळेहि तयार केले आहेत. कंटाळवाणें काम न कंटाळतां करणें हा यंत्राचा मोठाच गुण होय.

परंतु सापळा पतंग मोजतो, तेहि नर. बोंडांतली अळी त्यास दिसत नाहीं. म्हणूनच शास्त्रज्ञ असेंहि सांगतात कीं, शेतांतून वीस हिरवीं बोंडें तोडून फोडावीं; दोन किडकीं निघालीं तर फवारावें. आपल्या नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर पतंगांची संख्या हा धूर, बोंडांतली अळी हा अग्नि. यंत्राचें ज्ञान हें अनुमान आहे; फोडलेलें बोंड हें प्रत्यक्ष.

भेद एवढ्यावरच संपत नाहीं. फवारणी म्हणजे उसनवारीचा पैसा. शिवाय २०१७ मध्येंच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व मजूर दगावले. अनुमान चुकलें तर यंत्राचें पीक बुडत नाहीं, त्याचा श्वासहि कोंडत नाहीं. निर्णय करणें म्हणजे केवळ पर्याय निवडणें नव्हे. त्याच्या फळाचें ओझें पत्करणें होय.

कोणी म्हणेल, कृषिअधिकाऱ्याचा सल्लाहि चुकतो. खरें आहे; पण त्यास बांधावर बोलावून ‘असें कां सांगितलेंत?’ असें विचारतां येतें. ‘यंत्रानें सांगितलें’ या उत्तरांत मात्र तें यंत्र घडविणारीं माणसें दडून राहतात. तेव्हां सल्ला कोणत्या आंकड्यावर उभा आहे हें त्यांनीं उघड सांगावें, आणि शेवटीं ‘आधीं बोंड फोडून पाहा’ एवढें जोडावें. घड्याळ बांधणाऱ्या आपणां शहरवासीयांसहि हाच न्याय लागू आहे. यंत्राचें अवश्य ऐकावें. परंतु ज्याचें फळ आपणांस भोगावयाचें, तो निर्णय त्याच्या स्वाधीन करूं नये.